हात मिळवल्यावरची अट

हल, ९ ऑक्टोबर

ब्रायोनी,

'प्रिय' लिहिलेलं नाही. चुकून राहिलं असं समजू नकोस.

फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस, असं एसिनाम सांगते. फोनला कुलूप घालता येतं, पोस्टमनला घालता येत नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मी चॉकलेटच्या कारखान्यात खोकी भरायला लागले. तिथे वळणदार अक्षर कुणी मागितलं नव्हतं.

तर एसिनाम. घानाची पोरगी, दारात डोकं आपटेल एवढी उंच. तीन वर्षं माझ्याकडे भाड्याने राहते. इथल्या विद्यापीठात यंत्रांचं शिकली, मोठी पदवी घेतली, आणि आता नोकरी शोधते. मार्च संपेपर्यंत तिला अशी नोकरी हवी, जिचा मालक सरकारकडे तिची हमी घेईल. स्पॉन्सर म्हणतात त्याला. नाही मिळाला तर बॅग भरायची आणि घर गाठायचं. हे मी तुला कशाला सांगते? तुझा तर धंदाच आहे हा. परदेशी पोरांना मुलाखतीला कसं बसायचं, कसं हसायचं, हात कुठे ठेवायचे, सगळं शिकवतेस. मीच तिला म्हटलं, माझी नात मँचेस्टरला हेच करते, जा तिच्या शाळेत. नातेवाईक म्हणून ओळख सांगू नकोस, असंही म्हटलं. तिने सांगितलीच. तिच्या पोटात काही राहत नाही.

आता ऐक, तुझ्या शाळेने काय दिवे लावले ते.

आपल्या गल्लीपासून तीन गल्ल्या सोडून क्लिफ बेन्टनची शेड आहे. मासळीवाल्यांना आणि खाटकांना थंड खोल्या बांधून देतो. फ्रीजच, पण माणूस आत उभा राहील एवढा. तुझ्या आजोबांच्या अंत्यविधीला सर्वांत मागे उभा राहून सर्वांत मोठ्याने नाक शिंकरणारा, तोच. त्याला शिकलेलं माणूस हवं होतं. एसिनाम गेली. त्याने तिला एक बंद पडलेलं यंत्र दाखवलं, तिने ते उघडून त्याच्यापुढे मांडलं, दोघं दुपारभर त्यात डोकं घालून बसली. संध्याकाळी त्याने हात पुढे केला. "सोमवारी ये, पोरी." तिने हात मिळवला.

आणि मग म्हणाली, "एक गोष्ट सांगायची होती. मार्चनंतर मला स्पॉन्सर लागेल."

हात मिळवल्यावर!

ब्रायोनी, तू या हल गावात वाढलीस. या गावात हात मिळवला की व्यवहार झाला. अटी काय त्या आधी बोलायच्या. हात मिळवल्यावर नवी अट काढणारा माणूस म्हणजे बाजारात सडका बटाटा तळाशी घालणारा. क्लिफचं तोंड उतरलं. म्हणाला, "हे दुपारी का नाही बोललीस?" ती काय सांगणार? तू शिकवलेलंच तिने केलं होतं. व्हिसाची गोष्ट शेवटी. आधी त्यांच्या मनात भरा, मग सांगा. तुझ्याच तोंडचं वाक्य आहे. तिने मला जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुझ्यासारखी मान तिरकी करून.

क्लिफने सोमवारचं रद्द केलं.

मी तिला विचारलं, "तुला स्वतःची अक्कल नव्हती?"

तर म्हणे, "आजी, ब्रायोनी खोटं शिकवत नाही. आधी मी पहिल्याच ओळीत व्हिसाचं लिहायचे. कुणी उत्तरसुद्धा देत नव्हतं. तिचं ऐकल्यापासून निदान मुलाखतीला बोलावतात."

तुझी बाजू घेते! माझ्या स्वयंपाकघरात बसून, माझा पाव खात!

ते असेल खरं. लंडनच्या काचेच्या इमारतीत चालत असेल. पण शिकवणाऱ्याला एवढं कळायला नको, की काचेच्या इमारतीतली युक्ती पत्र्याच्या शेडमध्ये चालत नाही? आणि इतर कुणाचं सोड, क्लिफ बेन्टन कसा माणूस आहे हे तुला माहीत होतं. तुझ्या पहिल्या सायकलची साखळी त्याने बसवून दिली होती. तिने तुला त्याचं नाव सांगितलं होतं. तू काय म्हणालीस? "नियम सगळीकडे सारखाच."

मला काय, ती गेली तर दुसरा भाडेकरू मिळेल. रांग लागते. पण वाईट शिकवलेलं मला खपत नाही.

विनिफ्रेड
(तुझी आजी. आठवत असेल तर.)


२३ ऑक्टोबर

ब्रायोनी,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती. तुझ्या आईची लेक आहेस. तीही स्पेनला गेली ती एक कार्ड पाठवून.

मी क्लिफच्या शेडवर जाऊन आले. गुडघा दुखतो, पण रागाने माणूस चांगलं चालतं. तो एका पंख्यात हात घालून बसला होता.

"विनीताई," म्हणाला, "तुम्ही कशाला आलात ते मला माहीत आहे. मी काही बोलणार नाही."

"नको बोलूस. ऐक. त्या पोरीने तुला फसवलं नाही. तिला तसं शिकवलं."

"कुणी?"

"माझ्या नातीने."

"ब्रायोनीने? ती लाल केसांची? ती शिकवते आता?" आणि हसला. माझ्यासमोर हसला! "हुशार निघाली की."

मी म्हटलं, "हुशारीचं कौतुक नंतर कर. पोरगी कामाची आहे की नाही?"

त्याने पंखा खाली ठेवला. फडक्याने एकेक बोट पुसत बसला. तुला त्याची सवय माहीत आहे, बोलायचं टाळायचं असलं की हा हात पुसतो. मग म्हणाला, "बरी आहे."

"मग घे तिला."

"अहो, घेतली तर परवाना काढावा लागेल. माणूस बाहेरच्या देशातून ठेवायचा तर मालकाला आधी सरकारचा परवाना लागतो. मी विचारलं आमच्या हिशेबनिसाला. सगळी जबाबदारी माझ्या नावावर. ती आली का, गेली का, कुठे राहते, पगार ठरल्याप्रमाणे दिला का. आणि गृहखात्याची माणसं येतात शेड बघायला. समोर बसवून विचारतात. विनीताई, मला लग्नात दोन शब्द बोलायचे होते, तर मी मागच्या दाराने पळालो होतो."

खरं आहे ते. त्याच्या बायकोने त्याला कोळशाच्या खोलीतून ओढून आणला होता.

"म्हणजे तू घाबरलास," मी म्हटलं.

"घाबरलो."

आता घाबरलो असं तोंडावर कबूल करणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं? मी त्याच्या शेडमध्ये खुर्ची ओढून बसले. उठत नाही म्हटलं. त्याची दोन गिऱ्हाइकं आली, मी त्यांनाही सांगितलं. फ्लीटवुड रस्त्यावरचा खाटीक होता एक, तो म्हणाला, "क्लिफ, तीच का रे ती उंच? तुझ्याकडे दुरुस्तीला टाकलेली माझी मशीन तिनेच चालू केली ना त्या दिवशी? कर की मग." क्लिफने पुन्हा हात पुसले.

शेवटी म्हणाला, "मार्चपर्यंत तिला कागदांची अडचण नाही ना? मग येऊ दे. पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे! या गावातली निम्मी माणसं 'पुढचं पुढे' म्हणत मेली.

तर ती कामाला लागली. आणि आता तुझं काम. त्या परवान्याचं सगळं तुला येतं. अर्ज कसा, कागद कुठले, काय विचारतात, काय सांगायचं. क्लिफला ते एकट्याने जमणार नाही, मला तर नाहीच. तू लिहून पाठव. माझ्याशी नको बोलूस, मी मेले आहे असं समज, पण पाठव. अर्ज गेल्यावरही महिने लागतात म्हणे, आणि मार्च काही आपल्यासाठी थांबणार नाही.

तूच हे बिघडवलंस. सांडलं त्याने पुसावं.

विनिफ्रेड


१९ नोव्हेंबर

ब्रायोनी,

निर्लज्ज कार्टे!

आज क्लिफ दारात आला. हातात मासळीची पुडी, तोंडावर गुन्हेगाराचं हसू. म्हणाला, "विनीताई, अर्ज गेला."

"कुठला अर्ज?"

"परवान्याचा. ती मँचेस्टरची पोरगी फार चांगली आहे हो. रोज फोन करते. मी चुकलो तरी ओरडत नाही. बँकेचे कागद कुठले, विम्याचा कुठला, सगळं मला फोटो काढून पाठवायला सांगितलं. मला फोटो काढता येतो आता."

मी म्हटलं, "मँचेस्टरची कुठली पोरगी?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. पुडी माझ्या हातात कोंबून तो वळला. मी त्याला कॉलर धरून आत घेतला. "बोल."

"तुम्हाला सांगू नका म्हणाली होती."

"केव्हापासून चाललंय?"

"तुमचं दुसरं पत्र तिला मिळालं ना, त्याच्या दुसऱ्या दिवसापासून."

म्हणजे पत्रं मिळतात. वाचतेस. आणि क्लिफ बेन्टनला रोज फोन करतेस. दोन वर्षं झाली, मला एक फोन नाही, आणि त्या पंखेवाल्याला रोज! एसिनामलाही माहीत होतं. तिच्या पोटात काही राहत नाही असं मी म्हटलं होतं ना? राहतं. तू ठेवायला लावलंस.

मी तिला पकडलं. ती भांडी घासत होती. घासतच राहिली. "आजी, तिने वचन घेतलं होतं."

"आणि तू दिलंस?"

"मला राहायचंय इथे," ती म्हणाली. पाठ माझ्याकडेच. "तिने सांगितलं असतं की डोक्यावर उभी राहा, तर मी उभी राहिले असते."

तिच्या घरी, घानात, आई आणि दोन लहान भाऊ. आई दर रविवारी फोनवर विचारते, झालं का? ही म्हणते, होतंय. तीन वर्षं होतंय. आधी तिथे परत गेलेल्या पोरांना काय म्हणतात ते तिने मला सांगितलं आहे. ते इथे लिहीत नाही. पदवी घेऊन परत येणाऱ्याला कुणी ढोल वाजवून घेत नाही, एवढं समज.

क्लिफ जाताना आणखी एक बोलून गेला. बोलायचं नव्हतं त्याला, पण मासळीची पुडी परत हवी होती की काय कोण जाणे, दारात घुटमळला. म्हणाला, "ब्रायोनी विचारत होती, आजी माझ्यावर अजून रागावली आहे का."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मला काय माहीत. त्या सगळ्यांवरच रागावलेल्या असतात."

माझ्यावर रागावून ख्रिसमसच्या जेवणावरून उठून गेली कोण? मी की तू? पुडिंग टेबलावर, सगळी बसलेली, आणि ही उभी राहून विचारते, "आजी, तू मला आयुष्यात एकदा तरी चांगलं म्हणालीस का?" मी म्हटलं, "खाली बस, पुडिंग निवतंय." तर कोट घालून चालती झाली. पदवी मिळाली तेव्हा मी काय म्हटलं होतं त्याचाही हिशोब काढलास. 'टोपी तिरकी बसली आहे' म्हटलं होतं. होतीच तिरकी. पदवी मिळालेली मला दिसत होतीच की, मी काय आंधळी होते? मिळालेल्या गोष्टीवर बोलायचं काय असतं?

यापुढे काय करायचं ते मला आधी कळलं पाहिजे. चोरून चांगलं काम करण्यात काही मोठेपणा नाही.

विनिफ्रेड


१६ जानेवारी

ब्रायोनी,

ख्रिसमसचं कार्ड मिळालं. नुसती सही. पोस्टाच्या तिकिटावर त्याहून जास्त लिहिलेलं असतं.

क्लिफला निरोप आला आहे. गृहखात्याची माणसं महिनाअखेर शेड बघायला येणार. तुला माहीत असेलच, सगळं तुला आधी माहीत असतं. तू त्याला फोनवर प्रश्न पाठ करून घेतेस, तेही मला कळलं. त्याला पाठ होत नाही. फोन ठेवला की विसरतो. म्हणून शनिवारी मी दोघांना जेवायला बोलावलं आणि टेबलावर परीक्षा घेतली. तुला तुझ्या शाळेसाठी उपयोग होईल म्हणून लिहिते. फी नको.

जेवायला बटाट्याच्या पॅटी होत्या. एसिनामने वर तिच्या देशाची ती मिरचीची काळी चटणी घातली. क्लिफच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी त्याने चार खाल्ल्या. मग मी चष्मा लावला आणि साहेबीण झाले.

"मिस्टर बेन्टन, या मुलीला तुम्ही का ठेवलंत?"

क्लिफने हात पुसले. "बरी आहे."

"आणखी?"

"वेळेवर येते."

"वेळेवर तर बससुद्धा येते. आणखी?"

मान खाजवून म्हणाला, "उंच आहे. वरच्या फळीवरचं काढते."

एसिनाम चहाच्या कपात तोंड घालून हसायला लागली. मी टेबलावर हात आपटला. "हसू नकोस. तुझी बॅग भरायची वेळ आली आहे आणि हा तुला शिडी म्हणतोय!"

मग तिने सूत्रं हातात घेतली. ज्या पोरीला तू वर्षभर पढवलंस, ती आता म्हाताऱ्याला पढवायला बसली. अगदी तुझ्यासारखी. "काका, एक प्रसंग सांगा. तेव्हा अडचण काय होती, मी काय केलं, आणि त्याने काय झालं."

"हां," म्हणाला तो. "सांगतो. ते खाटकाचं मशीन. ते बंद पडलं, कारण मी तार उलटी जोडली होती." आणि स्वतःची चूक अशी रंगवून सांगितली, की एसिनाम त्यात कुठे आलीच नाही.

"काका, मी काय केलं ते सांगा."

"तू... ते नीट केलंस."

"कसं?"

"नीट."

मला वाटलं ती समोर बसली म्हणून याला लाज वाटते. मी तिला परसात पाठवलं. थंडीत. दार लावलं. "आता बोल."

तर हा पुढे वाकून माझ्या कानात पुटपुटतो, "ती ऐकेल."

असा माणूस! ब्रायोनी, तुझ्या शाळेत अशा माणसासाठी काही धडा आहे का? मी म्हटलं, "क्लिफ, मेल्या, तुला तिचं कौतुक वाटतं की नाही?"

"वाटतं तर."

"मग तोंडाला काय झालंय?"

तो म्हणाला, "विनीताई, माझा बाप मला कधी चांगलं म्हणाला नाही. पण छपरावर चढताना तो शिडी मला धरायला द्यायचा. मला तेवढ्यात कळायचं. हे शब्दात कसं सांगतात ते मी शिकलोच नाही."

मी चष्मा काढून ठेवला. त्यावरून मला काय आठवलं ते इथे लिहायचं कारण नाही.

एसिनामला आत घेतलं तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. मी म्हटलं, "झालं. याचं काही होणार नाही. तू आईला फोन कर, परत येते म्हणून सांग." तोंडातून निघून गेलं. तिने ताटं उचलली आणि वर गेली. क्लिफने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कुणाचं कुत्रं लाथाडलंय.

तू त्याला काहीतरी शिकव. मी हात टेकले.

विनिफ्रेड


१ फेब्रुवारी

ब्रायोनी,

काल आली ती माणसं. मी शेडमध्ये नव्हते. क्लिफने मला येऊच दिलं नाही. म्हणाला, "तुम्ही आलात तर मी तुमच्याकडेच बघत बसेन." म्हणून मी दिवसभर खिडकीत. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा ओतून टाकला.

संध्याकाळी तो स्वतः आला. तुला त्याने फोनवर सांगितलंच असेल, पण त्याला सांगायला येत नाही, म्हणून मी लिहिते.

एक बाई आणि एक पोरगेलासा माणूस. कागद बघितले, सगळे जागेवर होते. ते तुझं काम. नीट होतं म्हणे. मग बाईने एसिनामला विचारलं, काम काय, कधीपासून, कुणाच्या हाताखाली. पोरगी धडाधड बोलली. मग क्लिफची पाळी.

"हीच का हवी तुम्हाला?"

"बरी आहे," म्हणाला गाढव.

बाईने पेन थांबवलं. "फक्त बरी?"

क्लिफ म्हणतो, त्याचं डोकं पार रिकामं झालं. तू पाठ करून घेतलेलं एकही वाक्य आठवेना. मग त्याने हात पुसायला फडकं शोधलं, तेही सापडेना. आणि समोर त्यांची नवी थंड खोली उभी होती, माशांच्या मंडईसाठी केलेली, दार उघडं. तो त्या दाराकडे बघत राहिला. आणि मग बोलला.

म्हणाला, "बाई, ही खोली गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी दार तपासावं लागतं. कुणी आत अडकलं तर आतून उघडतंय की नाही, ते. त्यासाठी एकाने आत जायचं आणि दुसऱ्याने बाहेरून लावायचं. आत उणे वीस असतं. आतली कडी अडकली तर बाहेरच्याने उघडायचं. तरुणपणी माझ्या एका जोडीदाराने मला आत ठेवून सिगारेट ओढायला धूम ठोकली होती. तेव्हापासून बाहेर उभं राहायचं काम मी फक्त बायकोला द्यायचो. ती गेल्यावर मी कधी आत गेलो नाही. गिऱ्हाइकाच्या माणसाला आत पाठवायचो आणि स्वतः बाहेर उभा राहायचो."

बाई म्हणाली, "मग?"

"मग काही नाही. आता आत मी जातो. बाहेर ही असते."

त्या पोरगेल्याशा माणसाने म्हणे दाराकडे पाहिलं, मग एसिनामकडे. बाईने पेन उचललं आणि बराच वेळ लिहीत राहिली.

हे सांगताना क्लिफ माझ्या पायपुसण्याकडे बघत होता. एसिनाम जिन्यावर बसली होती. तिने तोंड ओंजळीत घेतलं होतं. मी म्हटलं, "रडायला काय झालं? अजून निकाल लागलेला नाही." काहीतरी म्हणायला हवं होतं ना कुणीतरी.

तुला कळलं का, ब्रायोनी? तुझ्या धड्यात हे नाही. माझ्याकडेही नव्हतं. पण तुझे कागद जागेवर नसते, तर ती बाई त्या दारापर्यंत पोहोचलीच नसती. हे मी लिहिलं आहे. पुन्हा लिहिणार नाही.

विनिफ्रेड


८ मार्च

ब्रायोनी,

परवाना मिळाला. एसिनामचा व्हिसाचा अर्ज गेला. आता उत्तर येईपर्यंत तिला इथून कुणी हलवू शकत नाही, आणि उत्तर काय येणार हे क्लिफचा हिशेबनीसही छातीठोक सांगतो. काल रात्रीपासून तिची आई फोनवर गाते आहे. माझ्या घरात. कानठळ्या बसल्या.

पण मी त्यासाठी पेन उचललेलं नाही.

तू मंगळवारी हलला आली होतीस.

नाही म्हणू नकोस. क्लिफला संगणकावर एसिनामच्या हमीचा दाखला काढून द्यायला तू गाडी घेऊन आलीस. त्याच्या शेडमध्ये बसलीस, त्याच्या कळकट कपात चहा प्यालीस, पोरीला मिठी मारलीस, आणि गाडी वळवून परत गेलीस. तीन गल्ल्या, ब्रायोनी. तीन! शेंबडं पोर चालत येईल एवढं अंतर. मी घरात होते. मी नेहमीच घरात असते.

एसिनामने आज सांगितलं. मी तिला विचारलं, "आली होती तर इथे का नाही आली?"

"कोपऱ्यापर्यंत आली होती, आजी. गाडी थांबवली होती. मी शेजारीच बसले होते. मग म्हणाली, ती दार उघडेल आणि पहिली गोष्ट म्हणेल, केसांचं काय केलंस."

"मग, काय केलंय केसांचं?"

"कापले."

"किती?"

"आजी!" ती माझ्यावर ओरडली. तीन वर्षांत पहिल्यांदा. ओरडून झाल्यावर म्हणाली, "तुम्ही दोघी एकमेकींना का विचारत नाही? मी काय पोस्टमन आहे?"

मग वर गेली. ओरडल्याबद्दल माफी मागायला येईल असं वाटलं होतं. आली नाही. शिकली पोरगी.

तर ठरलं. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने मी मँचेस्टरला येते. एसिनाम सोबत येते म्हणाली, नको म्हटलं. क्लिफ गाडीने सोडतो म्हणाला, त्यालाही नको म्हटलं. त्याच्या गाडीला मासळीचा वास येतो. मी पहिल्यांदाच एकटी एवढ्या लांब येते आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिते, कीव करावी म्हणून नाही. तुझ्या इमारतीला लिफ्ट बंद असते म्हणे. चढेन. प्रत्येक मजल्यावर थांबेन आणि तुझ्या नावाने शंख करेन, म्हणजे शेजाऱ्यांना कळेल कुणाकडे पाहुणा आलाय. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. क्लिफच्या शेडमध्ये बसले होते, सराव आहे.

आणि केसांचं काय केलंस ते मी विचारणारच. त्यानंतर आणखी एक सांगायचं आहे, तू त्या ख्रिसमसला विचारलं होतंस त्याबद्दल, पण ते तुझं तोंड बघून. लिहून नाही.

चहा करून ठेव. दूध आधी घालू नकोस, तुला ते कधीच जमलं नाही.

आजी